कुंटाल्याच्या वाटेवर मुक्काम कोठे करावा?

प्रवासाची हौस आणि प्रवासाचे ओझे ही दोन्ही मराठी कुटुंबाच्या वाट्याला सारख्याच प्रमाणात येतात. पुरुषांनी वेळापत्रक पाहावे, मुलांनी दिवस मोजावेत आणि गृहिणीने मात्र सहाजणांच्या दशम्या, आजोबांची औषधे, धाकट्याचे लोकरी कपडे आणि पाण्याचा तांब्या यांची जुळवाजुळव करावी, अशी आपली जुनी रीत. या सगळ्या खटाटोपात एका प्रश्नाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, आणि तो म्हणजे रात्रीच्या निवाऱ्याचा. ‘पाहू तेथे गेल्यावर’ या तीन शब्दांनी तो निकालात काढला जातो आणि मग सहलीची गोडी पहिल्याच रात्री ओसरते. म्हणून या लेखात आम्ही धबधब्याच्या सौंदर्याचे वर्णन करण्यापेक्षा त्याच्या वाटेवरील मुक्कामाचाच विचार अधिक करणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची घरे महाराष्ट्राबाहेर, परंतु मन मात्र दोन्हीकडे. हैदराबाद, निझामाबाद, आदिलाबाद, नागपूरकडचे सगेसोयरे आणि नांदेड-किनवटकडची आजोळे यांच्या अगदी मध्यावर एक गाव आहे, त्याचे नाव नेरडीगोंडा. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडलाचे ठिकाण श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गावर, म्हणजे आजच्या ४४ क्रमांकाच्या आणि पूर्वीच्या ७ क्रमांकाच्या रस्त्यावर, निर्मल आणि आदिलाबाद या दोन शहरांच्या दरम्यान वसले आहे. येथून सुमारे बारा किलोमीटर आत गेले की कडम नदी कड्यावरून टप्प्याटप्प्याने खाली कोसळते. सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीचा हा कुंटाला धबधबा तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा म्हणून ओळखला जातो. बोथच्या बाजूला त्याच कुळातला, पण उंचीने निम्म्याहून कमी आणि रुंदीने भरदार असा पोचेरा धबधबा आहे. दोन्ही एका दिवसात पाहून होतात. प्रश्न उरतो तो आदल्या आणि नंतरच्या रात्रीचा.

एका दिवसाचा हव्यास

हैदराबादहून पहाटे निघावे, धबधबा पाहावा आणि रात्री घरी परतावे, असा बेत अनेकजण करतात. खोलीचे भाडे वाचते, हा त्यामागचा हिशोब. परंतु हैदराबादपासून कुंटाला अडीचशे किलोमीटरांहून दूर. जाऊन-येऊन पाचशेचा पल्ला गाठायचा म्हणजे दहा-बारा तास गाडीतच बसणे आले. तरुणांना ते पेलते. सत्तरीच्या आजीला आणि चार वर्षांच्या नातवाला ते पेलत नाही. शिवाय धबधब्याच्या तळाशी जायला शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात, आणि उतरलेली प्रत्येक पायरी परत चढावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात दमल्यावर येते. अशा थकलेल्या माणसांना घेऊन चालकाने रात्रीच्या अंधारात शेकडो किलोमीटर गाडी हाकावी, ही काटकसर नव्हे. हा धोका आहे. वाचलेल्या दोन हजारांची किंमत आपण कशाने मोजणार, हा विचार कुटुंबप्रमुखाने अवश्य करावा.

तेव्हा मुक्काम करायचाच. एक रात्र पुरते, दोन रात्री असल्यास उत्तम.

रात्र शहरात, दिवस रानात

युरोपात गेलेल्या आपल्या मुलामुलींकडून एक व्यवहारी पाठ घेण्याजोगा आहे. इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वताच्या कुशीत बोल्झानो, त्रेन्तो, आओस्ता अशी शहरे आहेत. डोंगर पाहायला जाणारे हिशोबी प्रवासी शिखराजवळच्या महागड्या गावात न उतरता या खोऱ्यातल्या शहरांत उतरतात. बोल्झानो समुद्रसपाटीपासून जेमतेम २६२ मीटरांवर. तेथून तारेवरच्या पाळण्यात बसले की बारा-पंधरा मिनिटांत बाराशे मीटरांवरच्या पठारावर पोहोचता येते आणि संध्याकाळी पुन्हा शहरातल्या खोलीत परतता येते. तेथील अनेक निवासगृहे आपल्या पाहुण्यास एक ओळखपत्र देतात आणि त्यावर त्या प्रांतातील बसगाड्या व आगगाड्या जादा पैसे न मोजता वापरता येतात. म्हणजे खोलीचे भाडे थोडे अधिक वाटले तरी त्यात न्याहारी आली, प्रवासखर्च आला. उलटपक्षी, तेथील पुष्कळ नगरपालिका दर माणशी, दर रात्री मुक्कामकर घेतात आणि तो बहुधा निघतेवेळी वेगळा द्यावा लागतो. ज्याने आधी विचारले, त्याचे अंदाजपत्रक कोलमडत नाही. ऑगस्टच्या मध्यावर सारी इटली सुट्टीवर असते. त्या दिवसांत जाणारा दुप्पट दर मोजतो, आणि जून किंवा सप्टेंबरात जाणारा त्याच खोलीत स्वस्तात राहतो.

हे तत्त्व आपल्या कुंटाल्यालाही जसेच्या तसे लागू पडते. नेरडीगोंडा हे रस्त्याकाठचे लहान गाव. चहा, जेवण, गाडीची किरकोळ दुरुस्ती येथे होईल. परंतु कुटुंबासह निवांत राहायचे तर निर्मल किंवा आदिलाबाद यांपैकी एक शहर निवडावे. दोहोंत सुमारे ऐंशी किलोमीटरांचे अंतर आणि नेरडीगोंडा त्यांच्या मधोमध, त्यामुळे धबधब्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. निवड करायची ती आपण कोठून येतो आणि पुढे कोठे जाणार यावरून.

हैदराबाद-निझामाबादकडून मोटारीने येणाऱ्यांना निर्मल सोयीचे. निर्मलला आगगाडी नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. परंतु लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव रिकाम्या संध्याकाळी मुलांना घेऊन हिंडण्यासारखे आहे. पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडापासून फळे, पाखरे, प्राणी कोरून ते रंगवणारे नक्काश कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. २००९ साली या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराच्या हातून घेतलेले एक लाकडी सीताफळ घरी आणले, तर सहलीची आठवण बरीच वर्षे टिकते.

आगगाडीने येणाऱ्यांना आदिलाबाद बरे. मुंबईहून नांदेड-किनवटमार्गे येणारी नंदिग्राम एक्सप्रेस आणि तिरुपती-सिकंदराबादकडून येणारी कृष्णा एक्सप्रेस या दोन्ही गाड्यांनी येथे उतरता येते. नागपूरकडून मोटारीने येणाऱ्यांनाही पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद हेच पहिले मोठे शहर लागते. आणि आणखी एक मोठी सोय म्हणजे भाषेची. आदिलाबादेत मराठी बोलले तर समजते, आणि बहुधा उत्तरही मराठीतच मिळते.

एका सीमेची गोष्ट

ही भाषेची सोय कशी आली, हे नव्या पिढीला ठाऊक असावे. आदिलाबाद हा जुन्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल हा स्वतंत्र जिल्हा बनला. नकाशावर रेघा बदलल्या. पण सोयरिकी रेघा पाहून होत नसतात. त्यामुळे आजही कित्येक घरांत आत्या किनवटला, मावशी आदिलाबादेत आणि थोरले काका हैदराबादेत अशी वाटणी झालेली दिसते. लग्नकार्याखेरीज या सगळ्यांची गाठ पडत नाही, आणि लग्नकार्यात धड बोलणे होत नाही.

आमच्या मते कुंटाल्याची सहल ही या विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र आणण्याची फार चांगली संधी आहे, कारण हे ठिकाण सर्वांनाच अर्ध्या वाटेवर आहे. परंतु येथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो: नातलगांच्या घरी उतरावे की हॉटेलात?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गावात आप्त असताना मुसाफिरखान्यात किंवा लॉजमध्ये उतरणे म्हणजे त्या घराचा अपमान समजला जाई. त्या काळी घरे ऐसपैस होती, माणसे पुष्कळ होती आणि स्वयंपाकघरात चार हात राबत होते. आज त्याच मावशी पासष्टीच्या झाल्या आहेत, मुले परगावी नोकरीला आहेत आणि घर दोन खोल्यांचे आहे. अशा घरी सहाजणांनी गाठोड्यांसह उतरायचे, म्हणजे पाहुणचार आपला आणि कंबरदुखी त्यांची. धबधबा पाहायला सगळे जातात. मावशी मात्र परतणाऱ्यांसाठी कणीक मळत घरीच राहतात. ज्यांना भेटण्यासाठी आलो, त्यांनाच आपण सहलीतून वगळतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

यावर आम्हांला सुचणारा तोडगा असा. मुक्काम हॉटेलात करावा आणि तसे आधीच, प्रेमाने, फोनवर सांगावे. ‘मावशी, आम्ही उतरणार हॉटेलात, पण पहिल्या रात्रीचे पिठले-भाकरीचे जेवण तुमच्याच हातचे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर गाडीत,’ असे म्हटले तर कोणाचा मान दुखावत नाही. एक जेवण त्यांच्या घरी, एक जेवण आपल्यातर्फे बाहेर. शक्य असल्यास त्यांच्यासाठी शेजारची खोली एका रात्रीपुरती घ्यावी. बाईमाणसाला आयती खोली, आयता चहा आणि बिनकामाची सकाळ मिळणे हीदेखील तीर्थयात्रेइतकीच दुर्मीळ गोष्ट आहे.

खोली ठरवताना

खोलीचे भाडे विचारण्यापूर्वी आपल्या माणसांची यादी समोर ठेवावी. गुडघेदुखी कोणाला आहे, रात्री उठावे कोणाला लागते, खाली बसता कोणाला येत नाही, हे एकदा कागदावर उतरले की प्रश्न आपोआप सुचतात. खोली तळमजल्यावर आहे काय, नसल्यास उद्वाहन चालू स्थितीत आहे काय? शौचकूप खुर्चीचा आहे की भारतीय पद्धतीचा? गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळी? हा शेवटचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा, कारण आदिलाबादकडचा हिवाळा चांगलाच कडक असतो. तेलंगणातील सर्वांत थंड प्रदेशांत त्याची गणना होते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखालीही उतरतो. पांघरुणे पुरेशी मिळतील का, हेही विचारावे आणि तरी एखादी शाल घरून न्यावी.

महामार्गाकाठच्या हॉटेलात रस्त्याकडची खोली घेऊ नये. रात्रभर मालमोटारींचा कर्णा कानात घुमतो. मागच्या बाजूची खोली मागितल्यास भाडे तेवढेच पडते आणि झोप पूर्ण होते. चालक बरोबर असल्यास त्याच्या झोपण्याची सोय कोठे, हे आधी ठरवावे. दुसऱ्या दिवशी सर्वांचा जीव त्याच्या हाती असतो. भाड्याचा दिवस दुपारी बारापासून मोजतात की आपण आल्यापासून चोवीस तासांचा, हे विचारले नाही तर सकाळी आठला पोहोचलेल्या कुटुंबास दोन दिवसांचे भाडे द्यावे लागते.

खर्चाचा अंदाज कसा करावा, याचे उदाहरणादाखल एक गणित मांडू. समजा, आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन लहान मुले असे सहाजण आहेत. एका खोलीचे भाडे रात्री १,८०० रुपये धरले आणि दोन खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या, तर ७,२०० रुपये होतात. सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याचे ३६० धरून एकूण ७,५६० रुपये. मुलांसाठी जादा गादीचे पैसे वेगळे. याऐवजी चार खाटांची एकच मोठी खोली मिळाली तर स्वस्त पडेल. परंतु आजोबांना नऊला झोप हवी असते आणि नातवंडांना अकरापर्यंत दंगा, तेव्हा तेवढी बचत करू नये असे आमचे मत आहे. काटकसर करायचीच तर ती वातानुकूलनात करावी. हिवाळ्यात या भागात त्याची गरजच पडत नाही.

प्रवासखर्चात काही सवलती आहेत आणि काही गेल्या आहेत. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील रहिवासी स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या व एक्सप्रेस बसगाड्यांतून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. पत्त्याचे ओळखपत्र मात्र जवळ हवे. महाराष्ट्रातून येणाऱ्या आप्तांपैकी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तेथील एस.टी.चा प्रवास विनामूल्य आणि स्त्रियांना निम्म्या दराने, पण तोही महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतच. आगगाडीतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आजी-आजोबांचे तिकीट पूर्ण दरानेच धरावे. धबधब्यापर्यंतच्या आतल्या रस्त्यासाठी मात्र दिवसभराची गाडी ठरवणेच श्रेयस्कर.

केव्हा जावे, केव्हा जाऊ नये

पावसाळ्याच्या ऐन भरात धबधबा रौद्र दिसतो. पण कुटुंबासह जाण्याचा तो काळ नव्हे. कडम नदीचा स्वभाव जाणून घ्यावा. रानातील पाऊस दूर कोठेतरी पडतो आणि पाणी येथे अचानक चढते. याच नदीवर खाली कडम धरण आहे. १९५८ च्या पुराने ते फुटले होते, आणि जुलै २०२२ मध्ये तर पाणी धरणाच्या माथ्याशी येऊन ठेपल्याने खालची गावे हलवावी लागली. धरणाला जी आवरत नाही, ती नदी आपल्या पोहण्याच्या कौशल्याला काय दाद देणार? कुंटाल्याच्या डोहात आजवर अनेक तरुण बुडाले आहेत. वरून शांत दिसणारे पाणी आत खोल आहे, खडक शेवाळलेले आहेत. म्हणून पाण्यात उतरायचे नाही, हा नियम घरातून निघतानाच मुलांना सांगावा आणि मोठ्यांनी तो प्रथम पाळावा. छायाचित्रासाठी कड्याच्या टोकावर जाणे हेही त्यात आले.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा आमच्या मते उत्तम काळ. पाणी असते, वाट कोरडी असते, ऊन सोसवते. मार्चनंतर धार बारीक होत जाते आणि एप्रिल-मेमध्ये आदिलाबादचे ऊन असह्य होते. काही दिवस मुद्दाम टाळावेत. महाशिवरात्रीला धबधब्याजवळच्या सोमेश्वराच्या दर्शनास मोठी गर्दी लोटते. पौष अमावास्येच्या सुमारास केसलापूरला गोंड समाजाची नागोबाची जत्रा भरते, तेव्हा आदिलाबादेत खोली मिळणे कठीण जाते. वसंत पंचमीला आणि नवरात्रात बासरला सरस्वतीच्या दर्शनासाठी व मुलांच्या अक्षराभ्यासासाठी रीघ लागते. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवारी गेल्यास भाडे घासाघीस करूनही कमी करता येते.

आणखी एक सावधगिरीची सूचना. कुंटाला नावाचे एक वेगळे मंडल निर्मल जिल्ह्यात भैंसाच्या बाजूस आहे. त्याचा धबधब्याशी संबंध नाही. यंत्रातील नकाशावर केवळ नाव टाकून निघालेली गाडी भलतीकडे जाऊ शकते. ‘नेरडीगोंड्याजवळचा कुंटाला धबधबा’ असे पूर्ण नाव सांगावे. तेलुगूत कुंटा म्हणजे डोह किंवा तळे. त्यावरून हे नाव आले असे म्हणतात. शकुंतला येथे रमली म्हणून कुंटाला, अशी दंतकथाही ऐकू येते. मुलांना गाडीत सांगायला ती गोड आहे.

दोन रात्रींचा बेत

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निर्मलला पोहोचून विश्रांती आणि संध्याकाळी खेळण्यांची बाजारपेठ. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला न्याहारी करून नेरडीगोंड्यामार्गे कुंटाला. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी वरूनच धबधब्याचे दर्शन घ्यावे; त्यांच्यासोबत एकाने आळीपाळीने थांबावे, म्हणजे वडीलधाऱ्यांना आपण मागे सोडलो गेलो असे वाटत नाही. दुपारचे जेवण बरोबर न्यावे. आपल्या ज्वारीच्या भाकरीलाच येथे ‘जोन्ना रोट्टे’ म्हणतात; हॉटेलात आदल्या रात्री सांगून ठेवल्यास ती बांधून मिळू शकते. परततांना पोचेरा पाहून, अंधार पडण्यापूर्वी रानातील रस्ता ओलांडून मुक्कामी यावे. तिसऱ्या दिवशी हैदराबादकरांनी बासरमार्गे घरी जावे. ज्यांचे कुलदैवत माहूरची रेणुका आहे त्यांनी दुसरी रात्र आदिलाबादेत काढून किनवटमार्गे माहूर गाठावे आणि वाटेत आत्यालाही तिच्या घरी सोडावे.

निघण्यापूर्वी दोन आठवडे फोन करून खोली ठरवावी, थोडी आगाऊ रक्कम भरावी, पावती मागावी आणि बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतील काय हे विचारून घ्यावे. सर्व प्रौढ मंडळींची ओळखपत्रे एकाच पाकिटात ठेवावीत. एवढी पूर्वतयारी एका संध्याकाळी होते. ती करताना नातलगांना फोन करण्याचे काम घरातील मुलांकडे द्यावे, असे आम्ही सुचवू. त्यानिमित्ताने किनवटच्या आत्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा होईल, आणि पुढच्या वर्षीचा बेत कदाचित तीच मंडळी आखतील.